पूर्ण नावानिशी

घर भाड्याने देणारी माणसं काय काय विचारतात यावर मी एक छोटा प्रबंध लिहू शकेन. मिशिगनमधल्या नोव्हाय नावाच्या गावी बदली झाली तेव्हा आम्ही भाबडेपणाने आपल्याच लोकांच्या घरांपासून सुरुवात केली. एकांनी "व्हेज ना?" असं विचारलं. दुसऱ्यांनी "नागपूर म्हणजे नागपुरात नेमकं कुठे?" असं विचारलं आणि उत्तर ऐकून ते खिडकीबाहेर बघायला लागले. तिसऱ्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, आडनाव विचारलं आणि म्हणाले, "अहो, कालच एका फॅमिलीला प्रॉमिस केलं बघा." त्या घराची जाहिरात पुढे दोन महिने झळकत होती.

डेडेंनी मला एकच प्रश्न विचारला, आणि तो म्हणजे माझी जन्मतारीख.

मी सांगितली. उंच, काळाकभिन्न, सत्तरीच्या पुढचा तो म्हातारा छताकडे बघत अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत बराच वेळ पुटपुटत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. "न्क्वो!" तो म्हणाला. "तू न्क्वोच्या दिवशी जन्मलीस. मीही न्क्वोचाच. वरचा मजला तुमचा."

बाहेर गाडीत नवरा म्हणाला, "अगं, माणूस सटकलेला आहे. लीज साइन करायच्या आधी नीट विचार कर यार."

"सटकलेला आहे म्हणूनच साइन करते," मी म्हटलं.

डेडे हे त्यांचं नाव नव्हे. डेडे म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडे दादा म्हणतात तसं. ते इग्बो, म्हणजे नायजेरियाच्या आग्नेय भागातले. तरुणपणी शिकायला म्हणून अमेरिकेत आले आणि गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बायको नर्स होती, ती वारली, मुलं टेक्सासमध्ये. खालच्या मजल्यावर ते एकटे, वर आम्ही तिघं. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं आणि ते मी इथे लिहीत नाही, कारण नाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की घराणं कळतं. यात काय बिघडलं असं कुणाला वाटत असेल, तर त्याने थोडा दम धरावा.

इग्बो लोकांचा मूळ आठवडा चार दिवसांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो. हे बाजाराचे दिवस. एका गावचा बाजार एकेला, शेजारच्या गावचा ओरिएला. नोकरी सुटल्या दिवसापासून डेडेंनी सोमवार-मंगळवाराशी संबंध तोडला होता. गॅरेजच्या भिंतीवर त्यांनी स्वतः आखलेलं कॅलेंडर होतं आणि घर त्याबरहुकूम चालायचं. गवत कापायचं ते आफोला. कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायचा तो एकेला. आता कचऱ्याची गाडी यायची दर मंगळवारी, त्यामुळे डेडेंचा डबा कधी तीन दिवस आधी तर कधी दोन दिवस उशिरा जाऊन उभा राहायचा. समोरच्या बाई दोनदा तक्रार करून गेल्या. आमची सुजाता तेव्हा सात वर्षांची होती. ती खिडकीतून ओरडायची, "डेडे, इट्स नॉट ट्यूझडे!"

"तुमचा आठवडा मी जन्मभर पाळला," डेडे खालून गरजायचे. "आता गाडीवाल्याने चार दिवस माझा पाळावा!"

शेवटी नवरा गुपचूप डबा आत-बाहेर करायला लागला. डेडेंच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी कधी ताकास तूर लागू दिली नाही.

नावांच्या बाबतीत तर ते भयंकर होते. इग्बोत नाव म्हणजे आख्खं वाक्य असतं. कुणाचं 'देव देतो', कुणाचं 'बाप परत आला', कुणाचं 'माझी वाट बंद होऊ नये'. त्यामुळे नावाचा तुकडा पाडणं म्हणजे माणसाला वाक्याच्या मध्येच गप्प करणं, असं त्यांचं मत. नोकरीच्या पहिल्या महिन्यात सुपरवायझरने सोयीसाठी त्यांचं नाव 'बॉब' करून टाकलं. डेडेंनी त्याला विरोध केला नाही. फक्त बॉब म्हणून कुणी हाक मारली की ते शांतपणे काम करत राहायचे. मशीन किंचाळतंय, सुपरवायझर "बॉब! बॉब!" करतोय, आणि डेडे मागे वळून बघताहेत की हा बॉब कोण बुवा. महिनाअखेरीस तो सुपरवायझर त्यांचं पूर्ण नाव शिकला. पुढे तो निवृत्त झाला तेव्हा निरोपाच्या भाषणात त्याने ते न अडखळता उच्चारलं, हे डेडे डोळे मिचकावत सांगायचे.

हाच नियम कंदमुळांनाही लागू होता. त्यांच्याकडचा याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा, पण माणसाच्या मांडीएवढा कंद. तो नुसतं पीक नाही, त्यांचा मानाचा राजा आहे. नव्या यामाचा सण झाल्याशिवाय जुने लोक नवा कंद तोंडात घालत नाहीत. आणि अमेरिकेत रताळ्यांवर 'याम' अशी पाटी लावतात. एकदा मी त्यांना भाजी आणायला घेऊन गेले आणि मिरच्या निवडून वळते तो डेडे ती पाटी उपसून काढून मॅनेजरच्या हातात देत होते.

"हे रताळं आहे," ते त्याला समजावत होते. "चांगलं आहे बिचारं. पण त्याला दुसऱ्याचं नाव का देता?"

मॅनेजर इतका गोंधळला की त्याने "सॉरी सर" म्हणून पाटी खिशात घातली. स्वतः डेडे गॅरेजमध्ये, दिव्यांच्या उजेडात, मोठ्या टबांमध्ये खराखुरा याम लावायचे. मिशिगनच्या थंडीत येणारं पीक मुळ्याएवढं असायचं. ते तरीही त्याला दोन्ही हातांनी उचलून घरात आणायचे.

त्यांच्या फ्रिजवर एका घड्याचा फोटो होता. काशाचा घडा, त्याच्याभोवती दोरीची जाळी, आणि ती दोरीही काशाचीच, पण गाठ न गाठ खरी वाटावी अशी. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचं काम. त्यांच्याच मुलुखात एक माणूस घराशेजारी पाणी साठवायला खड्डा खणत होता, तेव्हा ही भांडी वर आली. प्लंबर, कुरियरवाला, आमचे पाहुणे, जो येईल त्याला डेडे फ्रिजपुढे उभं करायचे. "सुरुवातीला पंडितांना वाटलं, हे बाहेरच्या कुणीतरी केलं असणार," ते सांगायचे. "आमच्या हातून असं काही होईल हे त्यांच्या मनातच येईना. मग कळलं, धातूसुद्धा आमच्याच डोंगरातला." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की घडा त्यांनीच गेल्या आठवड्यात ओतलाय.

माझ्या रांगोळीवर मात्र त्यांनी टीका केली. त्यांची आई भिंतीवर आणि अंगावर झाडाच्या रसाने बारीक रेघांची चित्रं काढायची. दिवाळीत मी दारात रांगोळी घातली, तर डेडे कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "हात चांगला आहे. पण तू सगळं भरून टाकतेस. जागा मोकळी सोड. मोकळी जागा पण चित्रच असते." मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रांगोळी पुसली आणि ती खरंच जास्त सुंदर दिसायला लागली, याचाही राग आला.

सुजाताच्या नावाचा अर्थ त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारला होता. मी म्हटलं, "सु-जाता. चांगल्या कुळात जन्मलेली." डेडे इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "छान! फार छान! आता विचारू देत कुणाला काय विचारायचंय ते!" हसण्यासारखं त्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

आता कोलाबद्दल सांगायला हवं. सकाळी हीटिंगच्या जाळीतून त्यांचा आवाज आमच्या खोलीत यायचा. एकसुरी, खोल, अधूनमधून थांबणारा. थांबले की स्वतःच जोरात म्हणायचे, "ईसे!" मला वाटलं, फोनवर बोलत असतील. एक दिवस खाली डोकावले तर ते टेबलाशी उभे होते, हातात लाकडी बशी, बशीत सुपारीहून मोठी, गुलाबीसर अशी कोलाची बी.

इग्बो घरात पाहुणा आला की आधी कोला. बशी हातोहात सगळ्यांना दाखवायची, मग जमलेल्यांतला वयाने सर्वांत मोठा पुरुष प्रार्थना करतो, आधीच्या पिढ्यांची नावं घेऊन त्यांना बोलावतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, ईसे. म्हणजे तसंच होवो. मग कोला फोडून सगळ्यांनी तुकडा तुकडा खायचा. प्रार्थना इग्बोतच व्हायला हवी, कोला इंग्रजी ऐकत नाही अशी त्यांची ठाम समजूत. दोन फाकांची बी असेल तर ती नुसती चघळायची, प्रार्थनेला चालत नाही. त्यासाठी डेडे डेट्रॉइटच्या एका आफ्रिकन दुकानात जाऊन बिया एकेक करून निवडून आणायचे.

"पण हे चारचौघांत करायचं असतं ना?" मी विचारलं. "तुम्ही एकटेच बोलता आणि एकटेच ईसे म्हणता?"

"सराव," डेडे म्हणाले.

स्वतःच्या भाषणाला स्वतःच टाळ्या वाजवण्यासारखं ते मला वाटलं आणि वाईटही वाटलं. म्हणून ऑफिसला निघण्यापूर्वी मी खाली जायला लागले. माझं काम एवढंच, ते थांबले की ईसे म्हणायचं. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध, देव्हारा नाही, प्रार्थना नाही. पण ईसे म्हणायला मला मजा यायची. एकदा म्हटलं, "द्या, आज मी फोडते."

डेडेंनी बशी मागे घेतली. "बाईने कोला फोडायचा नसतो."

"का?"

"रीत आहे."

"वा," मी म्हटलं. "मला वाटलं होतं, एवढ्या लांबच्या माणसाकडे तरी हे वाक्य ऐकायला लागणार नाही." त्या दिवशी मी ईसे न म्हणता ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी मात्र गेले, कारण राग धरण्याएवढा वेळ नव्हता.

मग एक दिवस तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एक काकू गणपतीचं आमंत्रण द्यायला आल्या. आमच्या मजल्यावर रंगकाम चाललं होतं, म्हणून त्यांना मी डेडेंच्या स्वयंपाकघरात बसवलं. डेडे आमच्याकडे पाठ करून सिंकमध्ये भांडी घासत होते. काकू गोड होत्या. म्हणाल्या, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी सांगितलं. "आडनाव जरा वेगळं वाटतं नाही? माहेरचं काय?" तेही सांगितलं. "अच्छा, म्हणजे तुम्ही… बरं बरं. नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं." मग हवापाण्यावर दोन वाक्यं झाली. दिलेला चहा अर्धा ठेवून त्या उठल्या. आमंत्रणाची वेळ फोन करून कळवणार होत्या. तो फोन आला नाही.

त्या गेल्यावर डेडेंनी नळ बंद केला. "तिने आधी तुझं गाव विचारलं," ते म्हणाले. "मग बापाचं नाव. मग तिला कळलं, आणि ती हवेबद्दल बोलायला लागली. बरोबर?"

मी चाट पडले. "तुम्हाला मराठी कळतं?"

"मराठी नाही," डेडे म्हणाले. "हे कळतं."

हात पुसून ते समोर बसले आणि त्यांनी मला ओसु म्हणजे काय ते सांगितलं. फार पूर्वी एखाद्या माणसाला देवाला वाहून टाकायचे. तो देवाचा झाला, म्हणून माणसांतला राहिला नाही. त्याची मुलं ओसु, त्यांची मुलं ओसु, कायमची. त्यांच्याशी लग्न नाही, त्यांना मानाची लाल टोपी नाही, आणि चारचौघांत त्यांच्या प्रार्थनेचा कोला कुणी खायचा नाही. कायद्याने ते केव्हाच बंद झालंय. कायद्याने बंद झालेल्या गोष्टींचं पुढे काय होतं, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मला फक्त त्या एकट्याच्या सरावाचा अर्थ कळला. सुजाताच्या नावाला ते का हसले तेही कळलं.

"आणि मीठ," मी म्हटलं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी मला फुलं नाही, मिठाचा मोठा पुडा दिला होता. त्यांच्या तळघरात मिठाच्या पुड्यांनी फळीच्या फळी भरलेली असायची.

तेव्हा त्यांनी बियाफ्राच्या लढाईचं सांगितलं. इग्बो मुलूख नायजेरियातून फुटून निघाला आणि वेढला गेला, तेव्हा ते शाळकरी होते. अन्न संपलं, आणि त्याआधी मीठ संपलं. मिठाशिवाय माणूस कसा गळून जातो ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या आईने मूठभर मीठ मडक्यात घालून पुरून ठेवलं होतं. एके दिवशी चर्चच्या आवारात गावासाठी एकच पातेलं चढलं आणि तिने ते मीठ त्यात ओतलं. ज्या बायका तिला पाणवठ्यावर जवळ उभं करत नव्हत्या त्यांनी बोटं चाटून खाल्लं.

"त्या दिवसांत कुणी कुणाला काही विचारत नव्हतं," डेडे म्हणाले. "मग लढाई संपली. मिठाचे ट्रक आले. मीठ परत आलं आणि त्याच्या मागोमाग विचारणंही परत आलं."

"मग तुम्ही त्यांच्या सभांना जाताच कशाला?" मला रागाने रडू यायला लागलं होतं. तिथल्या इग्बो मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि तिसऱ्या रांगेत बसून यायचे.

डेडेंनी फ्रिजकडे बोट केलं. "तो घडा माझाही आहे. भाषा माझी आहे. आईच्या रेघा माझ्या आहेत. त्यांना घाबरून मी हे सगळं त्यांच्याच नावावर करून देऊ?"

त्या हिवाळ्यात इग्बो मंडळातले सर्वांत वृद्ध गृहस्थ वारले. इतकी वर्षं प्रार्थना तेच करत. आता वयाने सर्वांत मोठे डेडे. त्याच सुमारास मंडळाची नवी सेक्रेटरी झाली चिनेन्ये; इथेच जन्मलेली, तिशीतली, पेशाने वकील, चटचट बोलणारी. ऑफिसात तिला 'ची' म्हणत; डेडे तिला पूर्ण नावानेच हाक मारायचे, आणि ते तिला आवडायचं. ऑगस्टमध्ये नव्या यामाच्या सणाच्या आधी तिचा फोन आला. "डेडे, यू आर द एल्डेस्ट नाउ! प्रेयर तुम्हीच करायची, ओके? मी अनाउन्स करणार आहे."

डेडेंनी फोन ठेवला. "तिला माहीत नाही," ते मला म्हणाले. "इथे जन्मलेल्या एकाही पोराला माहीत नाही. तिने फक्त वय बघितलं."

"मग? तुम्ही करणार ना?"

"माझं नाव पुकारलं," डेडे म्हणाले, "तर मी उभा राहणार."

पुढचे दिवस जाळीतून येणारा त्यांचा आवाज बदलला. तो आता स्वयंपाकघरापुरता नव्हता. सिंहांच्या तोंडाची नक्षी असलेला सदरा त्यांनी धुऊन आणला. मी नवऱ्याला सांगून ठेवलं की काहीही होवो, आपण तिघंही जायचं.

एका चर्चचा हॉल होता. ढोल, जॉलोफ भाताचा वास, लाल टोप्या घातलेले वडीलधारे पहिल्या रांगेत. टेबलावर आफ्रिकेहून आलेले मोठाले याम, आणि शेजारी, चिनेन्येने मुद्दाम ठेवलेला, डेडेंचा मुळ्याएवढा. ती माइकवर आली आणि तिने त्यांचं नाव पुकारलं, पूर्ण नाव, एकही अक्षर न गाळता. डेडे तिसऱ्या रांगेतून उठले. तिने बशी त्यांच्या हातात दिली.

हॉलमध्ये जे झालं ते फार शांतपणे झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी तो शब्द उच्चारला नाही. पहिल्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग चार-पाच जण कोपऱ्यात जमले. त्यांत चिनेन्येचे वडीलही होते. डेडे बशी धरून उभे. मंडळाचे अध्यक्ष हसत हसत पुढे आले, त्यांनी डेडेंच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला, दुसऱ्या हाताने बशी काढून घेतली आणि जाहीर केलं की वेळ कमी असल्यामुळे या वर्षी पाद्रीसाहेब थोडक्यात आशीर्वाद देतील. पाद्रीसाहेबांनी आशीर्वाद दिला. इंग्रजीत. कोला इंग्रजी ऐकत नाही हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि सगळ्यांनी मान खाली घालून तो ऐकला.

डेडे जागेवर जाऊन बसले. त्यांनी याम खाल्ला, पोरींच्या नाचाला टाळ्याही वाजवल्या.

पार्किंगमध्ये चिनेन्ये धावत आली. "डेडे, आय डोंट गेट इट. काय झालं? मी चुकीचं कॅल्क्युलेट केलं का? तुमच्यापेक्षा मोठं कुणी आहे?"

"नाही बाळ," डेडे म्हणाले. "तू बरोबर मोजलंस."

एवढंच. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते आमच्या गाडीत येऊन बसले.

घरापर्यंत मी धुमसत गाडी चालवली. "तिला सांगितलं का नाही तुम्ही?"

"तो शब्द मी इथल्या एकाही पोराच्या हातात देणार नाही," डेडे म्हणाले. "मी ठरवलंय. आम्ही म्हातारे मरू आणि तो आमच्याबरोबर मरेल."

"तो मरत नाही, डेडे! आज हॉलमध्ये एकाने तरी तो शब्द उच्चारला? तरी तुमच्या हातातली बशी त्यानेच काढून घेतली. तुम्ही गप्प बसलात म्हणून त्यांना हसत हसत ती घेता आली. आमच्याकडे आम्ही लाउडस्पीकर लावून सांगतो, गल्लीगल्लीत सांगतो."

"म्हणून तुझ्या त्या काकू विचारायच्या थांबल्या?"

मी आणखी चिडले. "थांबल्या नाहीत. पण माझ्या मुलीला कुणी विचारलं तर तिला निदान कळेल की चूक कुणाची आहे. ती पार्किंगमध्ये उभी राहून असं म्हणणार नाही की माझंच मोजायला चुकलं."

मागच्या सीटवर नवरा आणि सुजाता श्वास रोखून बसले होते.

दुसऱ्या दिवशी जाळीतून आवाज आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी खाली गेले नाही. मला वाटलं, आपण फार बोललो, पण बोललो ते खरं होतं, त्यामुळे माफी मागायला जीभ वळेना. मग न्क्वो उजाडला आणि पायऱ्यांवरून डेडेंची हाक आली, माझ्या पूर्ण नावाने.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. दुसऱ्या वर्षी आम्ही कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला आलो होतो. चिनेन्येने फोन करून सांगितलं. तिने पुन्हा डेडेंचंच नाव पुकारलं आणि या वेळी, का पुकारतेय आणि गेल्या वर्षी काय झालं होतं, तेही माइकवर सांगितलं. तिच्या वडिलांसकट बरेच जण उठून बाहेर गेले. हॉल निम्मा रिकामा झाला, आणि त्या निम्म्या हॉलमध्ये डेडेंनी अख्खी प्रार्थना केली. अमेरिकेत जन्मलेल्या पोरांनी प्रत्येक वाक्याला ईसे म्हटलं. मी विचारलं, "रिकाम्या खुर्च्यांचं त्यांना वाईट वाटलं का गं?" ती म्हणाली, "ही सेड, मोकळी जागा पण चित्रच असते. व्हॉट डझ दॅट इव्हन मीन?" मी इकडे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकटीच हसले आणि रडलेही.

पण मला डेडे आठवतात ते त्या न्क्वोच्या सकाळचे.

खाली गेले तर टेबलाशी चिनेन्ये बसली होती, डोळे लाल. त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं. "दॅट्स इट?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एवढ्यासाठी? आणि माझा डॅड त्या कोपऱ्यात होता?"

"होता," डेडे म्हणाले. "त्याच्यावर राग धर, पण त्याला सोडू नकोस. तो तुला भाषा शिकवतो."

मग त्यांनी बशी आणली, आम्हा दोघींना दाखवली आणि उभ्याने प्रार्थना केली. ईसे म्हणायला आज दोन तोंडं होती. प्रार्थना संपली आणि डेडेंनी कोला उचलला. तो न फोडता त्यांनी माझ्यापुढे धरला.

"बाईने फोडायचा नसतो," मी म्हटलं.

"ही रीत माझ्या सोयीची होती, म्हणून मी पाळत होतो," डेडे म्हणाले. "फोड. पण आधी तुझ्या माणसांना बोलाव."

"मला इग्बो येत नाही."

"कोला इंग्रजी ऐकत नाही. मराठीचं त्याला अजून कुणी विचारलेलं नाही."

मला प्रार्थना येत नाही. मी बी हातात धरून उभी राहिले आणि जी पहिली आठवली तिचं नाव घेतलं. माझी आजी, भागीरथीबाई. विड्या वळायची. तिला सबंध गाव 'भागी' म्हणायचं, काल जन्मलेलं पोरसुद्धा. तिचं नाव तिच्या हयातीत गावात कुणी धड घेतलं नाही. हे मी मराठीतच बोलले आणि मग त्या दोघांना सांगितलं.

डेडेंनी मान हलवली. मग त्या म्हाताऱ्याने पाठ ताठ केली, गळा साफ केला आणि एकेक अक्षर तोलून, हॉलसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हटलं, "भा-गी-र-थी-बाई."

"ईसे!" चिनेन्ये म्हणाली.

मी नख रोवून कोला फोडला. वेडावाकडाच फुटला, एक फाक टेबलाखाली गेली. डेडे गुडघे धरत खाली वाकले, ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि खाल्ली.